चारा

त्या डिसेंबरात आमच्या घरात दोन माणसे एकमेकांशी बोलत नव्हती. एक मी आणि दुसरे आमचे चिरंजीव. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडून ते चांदवडला परतले आणि "मी कांदा लावणार" म्हणाले. त्यावर मी जे बोललो, त्यानंतर बोलण्यासारखे काही उरलेच नाही. पुढचा सगळा व्यवहार हिच्यामार्फत. "त्याला सांग, पान वाढलंय." "त्यांना सांग, भूक नाही." शेवटी एका रविवारी ही म्हणाली, "दोघं गळ घेऊन तलावावर जा. नाहीतर मी माहेरी चालले."

हा तलाव १९७२ च्या दुष्काळी कामावर बांधलेला पाझर तलाव. पाणी जमिनीत मुरवणे हेच त्याचे काम आणि ते तो इतके चोख करतो, की मे महिन्यात पोरे त्यात क्रिकेट खेळतात. तेव्हा मासे धरायचा आमचा हंगाम हिवाळा. आणि मार्गशीर्षामुळे मासे घरात न आणण्याचा हंगामही तोच! धरायचे आणि सोडून द्यायचे.

थंडी म्हणाल, तर शेजारच्या निफाडला २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा दोन अंशांच्या खाली उतरला होता. त्या पहाटेही बेत तसाच असावा. मी माकडटोपीत, चिरंजीव नुसत्या स्वेटरात. (हेही हिच्यामार्फत सांगून पाहिले होते.)

चारा मात्र मी राजेशाही केला होता. शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा, भाजलेले बेसन, चिमूटभर हिंग. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लासा'त मत्स्यविनोदावर एक प्रकरणच लिहिले आहे. माशांना आधी खाऊ घालून जागेची सवय लावावी, हे त्यालाही ठाऊक होते. फक्त पेंड त्याला स्वतः मळावी लागली नसणार.

मी सगळी बादली पाण्यात उपडी केली. चिरंजीवांनी काठावरच्या बाभळीकडे बघितले आणि तिला म्हणाले, "थंडीत एवढा चारा टाकायचा नसतो म्हणावं. गार पाण्यात माशाची भूक मंदावते. पोट भरलं की तो गळाकडे ढुंकूनही बघत नाही."

"त्याच्या जन्माआधीपासून गळ टाकतोय म्हणावं," मी बाभळीला सांगितले.

तास झाला, दीड तास झाला. माझा मोरपिसाचा तरंगा पाण्यावर देवासारखा स्थिर. चिरंजीव वीसेक पावलांवर जाऊन बसले होते. रीळ नाही, काही नाही. लांब बांबू, त्याच्या शेंड्यालाच बांधलेली दोरी. लिंबाएवढा एक गोळा टाकायचा आणि गप्प बसायचे. इंग्लंडातले लोक सोळा-सोळा मीटरच्या काठीने असेच बसतात म्हणे, हे मला नंतर कळले. तोवर त्याला एक खवली, एक चिलापी आणि पुन्हा दोन खवल्या मिळाल्या होत्या.

मी हळूच सरकत सरकत त्याच्या शेजारी जाऊन बसलो. त्याने न बघता एक गोळा माझ्यापुढे सरकवला. पाच मिनिटे गेली असतील, तरंगा सपकन बुडाला.

"अप्पा, ओढा!"

सतरा दिवसांनी मला कोणी अप्पा म्हटले. मी ओढले ते इतके, की मासा थेट माझ्या मांडीवर. शेंगाळा होता. धरायला गेलो आणि त्याचा काटा बोटात घुसला. पोराने रुमालात धरून मासा सोडवला, पाण्यात सोडला आणि मग माझे बोट दाबून रक्त काढत बसला. हात बर्फासारखे गार होते त्याचे. मी माकडटोपी काढून त्याच्या डोक्यावर घातली. काढली नाही त्याने.

"एकरी रोप किती लागतं रे?" मी विचारले.

तो जे बोलायला लागला ते थांबेचना. रोप, ठिबक, चाळ, भाव पडला तर काय. माझ्या शंका होत्याच, सगळ्या विचारल्या. मध्ये त्याचा तरंगा दोनदा बुडाला, कोणी उठले नाही.

घरी ही दारातच उभी.

"काय मिळालं?"

"त्याला विचार," मी सवयीने म्हणालो.

"त्यांनाच विचार," तो म्हणाला.

ही मुकाट्याने आत गेली आणि माहेरची पिशवी शोधू लागली.