अहो, तेंदूचं पान हातात घेऊन बघा!

थांबा, हातातलं काम ठेवा बाजूला! मला तेंदूचं पान भेटलंय आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये! हो, तेच, ज्याची विडी वळतात ते! यातली जाणकार मी नाही, विडीही ओढत नाही. पण मे महिन्यात गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात एका मावशींच्या ओसरीवर पानांच्या ढिगाशेजारी टेकले आणि मग उठवेचना!

गाव पहाटेच जंगलात गेलेलं, ऊन तापायच्या आत गाठोडी घेऊन परतलेलं, आणि मग घरोघरी एकच काम. पान उचल, बघ, लाव! पान उचल, बघ, लाव! त्या बघण्यात केवढं काय असतं! मावशी पानावरून नुसता अंगठा फिरवायच्या. बस्स! तेवढ्यात त्यांना कळायचं, पान फार कोवळं आहे की जून झालंय, शीर जाड आहे का, कुठे भोक आहे का. एक भलंमोठं हिरवंगार पान त्यांनी उचललं आणि सरळ बाजूला टाकलं! का हो मावशी?

“हे नाई चालत जी, याले फोड आले.”

पान उलटं करून दाखवलं. पाठीवर बारीक बारीक पुटकुळ्या! एक इवलीशी कीड पानाचा रस शोषते आणि या गाठी उठतात. असलं पान विडीला कसं सफाईनं गुंडाळणार? आणि हा सगळा निकाल डोळ्याचं पातं लवायच्या आत!

अशी 70 पानं जमली की एक पुडा. सालीच्या धाग्यानं बांधायचा आणि मग फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या केंद्रावर, न्यायचा. तिथे दिवाणजी पुडे मोजून घेतात, आणि मग उन्हात पुड्यांच्या रांगाच रांगा! एक बाजू वाळली की उलटायचे, पुरते वाळले की पाणी शिंपडून मऊ करायचे, आणि मग पोत्यात दाबून भरायचे. एका प्रमाण गोणीत 1000 पुडे! म्हणजे 70,000 पानं! आणि त्यातल्या एकेका पानावरून कुणाचा तरी अंगठा फिरलेला!

आणि हे पान रानात आहे म्हणून आयतं मिळतं असं नाही हं! फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं छाटतात, त्याला खुटकटाई म्हणतात, आणि मग ऐन काहिलीत, आजूबाजूचं रान करपलेलं असताना, लुसलुशीत फुटवे येतात. तेही तांबूस! पान तांबूस जन्मतं, हिरवं होतं आणि वाळलं की पुन्हा तांबूस-तपकिरी! झाड कुठल्या कुळातलं, माहितीये? आबनुसाच्या!

पानाची अशीच पारख सिगारचे शौकीनही करतात, तिच्या बाहेरच्या पानाची. शिरा बारीक हव्यात, रंग एकसारखा हवा, पान तुकतुकीत हवं! त्यासाठी क्यूबात तंबाखूच्या शेतावर कापड ताणून सावली करतात. आणि आपलं पान चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हात, रानात वाढतं, आणि त्याची पारख करणाऱ्या मावशींचं नाव कुठेच नसतं! विडीचा धूर घातकच, तंबाखू सोडवायला गडचिरोली जिल्ह्यात 2016 पासून ‘मुक्तिपथ’ अभियान काम करतंय. तुम्ही विडी ओढू नका, पण पान बघा!

पानाची किंमत फार मोठी आहे हो. मे 2025 मध्ये चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात पानं तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात गेल्या. हे ऐकलं आणि मग ढिगातलं एकेक पान मला जड वाटायला लागलं.

पण मालकीची गोष्ट ऐका! 1969 च्या कायद्यानं तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारच्या हातात गेला. आणि मग आला 2006 चा वनहक्क कायदा, त्यात गौण वनोपजाच्या यादीत तेंदूपत्त्याचं चक्क नाव आहे! त्या जोरावर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा आता स्वतः लिलाव करतात. ठेकेदार गावापुढे बसतो, भाव गाव ठरवतं! आणि चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव? त्या गावानं ठरवलं, पानं तोडायचीच नाहीत! छाटणी नको, पानांसाठी लागणारे वणवे नकोत, झाडं वाढू देत, टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, माणसांना आणि पाखरांना मिळू देत! तोडायचं की नाही, हेसुद्धा गावच ठरवतं! ओसरीवरची पारख करणारी माणसं आता लिलावाचीही पारख करतात, आणि याचंच मला सगळ्यात जास्त अप्रूप वाटतंय!

तर येत्या मेमध्ये चला माझ्याबरोबर! पहाटे जंगलात नको, ओसरीवर बसायला चला. अंगठा फिरवा, पान उलटं करा, चांगलं की वाईट ते बेधडक सांगा, आणि मग मावशींकडे बघा. निकाल त्याच देतील!