चाकोरीतली जीप

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळजण शिर्डीला जाऊन आला असाल. तिथून पंधराएक किलोमीटरवर गोदावरीच्या काठी कोपरगाव आहे. राघोबादादा पेशव्यांचं निधन इथंच झालं, १७८३ साली. पण आज आपण वाडे-देवळं पाहायची नाहीत. आपण जायचं गावाबाहेर, उसाच्या रानात!

नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघालेले कालवे या तालुक्याला पाणी देतात, म्हणून इथं ऊस. जमीन काळी, चिकण. साखर कारखाने सुरू झाले, की उसानं लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर याच वाटांनी जातात. चाकं रुतून दोन खोल चर पडतात. हीच चाकोरी, बरं का! 'चाकोरीबाहेरचा विचार' वगैरे आपण पुस्तकात वाचतो, पण खरी चाकोरी ही अशी पायाखाली असते. दोन चरांच्या मध्ये मातीचा उंच वरंबा राहतो.

माझे मामा इथल्याच एका वस्तीवर राहतात. त्यांची जुनी जीप चाकोरीत उतरली, की खालून 'खर्रर्र' आवाज यायचा. मामा वैतागले. "पाटे वाढवून जीप चांगली चार इंच उंच करून घेतो!" म्हणाले. मीही त्यांच्याबरोबर गॅरेजात गेलो.

मिस्त्री म्हणाले, "भाऊ, उंच करू की. पण घासतंय काय, ते आधी बघू."

ते जीपखाली सरपटले. मीही वाकून पाहिलं. मागच्या दोन चाकांमध्ये आडवा आख असतो आणि आखाच्या मधोमध लोखंडी गोळा. इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारे दाते त्याच्या पोटात असतात. तो गोळाच घासून चकचकीत झाला होता!

"पाटे वाढवले, तर वरची चौकट आणि बॉडी उचलेल," मिस्त्री म्हणाले, "पण आख चाकांना धरून असतो. गोळा जागचा हलायचा नाही."

"मग?"

"चाक मोठं पाहिजे. बैलगाडी बघा ना! तिला कुठं पाटे असतात? पण चाक मोठं, म्हणून आख उंच."

हिशेब सोपा आहे. टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला, तर आख एक इंच वर जातो. मोठा टायर वर मडगार्डला लागू नये, म्हणून मग बॉडी उचलावी लागते. नाशिकला बनणाऱ्या 'थार' गाडीच्या २०२० च्या नमुन्यात जमिनीपासूनचं अंतर २२६ मिलिमीटर ठेवलं आहे. पट्टी घेऊन बघा, जवळजवळ नऊ इंच!

मामा लगेच म्हणाले, "मग दोन्ही करा!"

मिस्त्रींनी खिशातली काडेपेटी काढली. एका फळीवर ती आडवी ठेवून फळी हळूहळू तिरकी केली. पेटी घसरली, पण कलंडली नाही. मग पेटी उभी ठेवली. फळी जराशी तिरकी होताच पेटी धपकन् पडली.

"कालव्याच्या वळणावर काय होईल?" त्यांनी विचारलं.

मामा गप्प झाले. रोज सकाळी वस्तीवरची आठ मुलं त्यांच्याच जीपमधून शाळेत जायची. वाटेत कालव्याचं वळण होतं.

शिवाय गाडी उंच केली, की ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात, दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीत मनाला येईल तसे बदल करताही येत नाहीत.

शेवटी मिस्त्रींनी एवढंच केलं. वर्षानुवर्षं ओझं वाहून पाटे बसले होते, ते काढून त्यांना मूळचा बाक दिला. गाडी कंपनीतून आली तेव्हा होती तेवढीच उंच झाली.

आणि वरंबा? रविवारी मामांनी फावडं घेतलं. मग शेजारचे आले, शाळेची मुलंही घमेली घेऊन आली. दुपारपर्यंत वरंबा तासून दोन्ही चर भरून काढले.

सोमवारी जीप त्याच वाटेनं गेली. आठही मुलं कान देऊन बसली होती. 'खर्रर्र' काही आलं नाही!

पुढच्या हंगामात ट्रॅक्टर पुन्हा चर पाडणारच. म्हणून मामांनी फावडं आता जीपमध्येच ठेवलंय. तुम्ही मात्र आज घरी काडेपेटीचा प्रयोग करून पाहा. काड्या तेवढ्या आधी आईजवळ काढून द्या!