समुद्रातून येणारे श्वापद

गेल्या पावसाळ्यात आमच्या दादरच्या धर्मग्रामातील तरुणांनी एक अभ्यासमंडळ चालविले. वाचनासाठी निवडली विल्यम गोल्डिंग यांची १९५४ साली प्रसिद्ध झालेली 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' ही कादंबरी. निर्मनुष्य बेटावर अडकलेली इंग्रज शाळकरी मुले प्रथम शंख फुंकून सभा भरवितात, नेता निवडतात, नियम करतात. आणि थोड्याच काळात एकमेकांच्या जिवावर उठतात. शीर्षकातील 'माश्यांचा स्वामी' म्हणजे शुभवर्तमानात भेटणारा बालजबूलच.

या बेटावरचे शिकारी मूळचे कोण? गायनमंडळातील मुले! काळे झगे घालून, रांगेत चालत ती कथेत प्रवेश करतात. आमच्या मंडळातील निम्मी मुले रविवारच्या मिस्सेत गातात. हे वाचताना त्यांच्यात थोडी चुळबुळ झाली. बरेच झाले. 'रानटी' हा शब्द आपण फार सहज वापरतो, आणि तोही रानावनात राहणाऱ्या गरिबांच्या माथी मारून. गोल्डिंगच्या रानात तर कुणीच राहत नाही. जे काही अघोर घडते ते शिस्तीत वाढलेल्या मुलांनी सोबत आणलेले असते.

पण आम्हांला सर्वांत खरा वाटला तो भीतीचा भाग. एक लहानगा सांगतो, श्वापद समुद्रातून येते. पाहिलेले कुणीच नसते. तरी त्या रात्रीपासून बेटाचा कारभार त्या श्वापदाच्या हाती जातो. हे प्रकरण संपले तेव्हा मागच्या बाकावर बसून नुसते ऐकणारे लालबागचे एक वृद्ध गिरणीकामगार म्हणाले, "फादर, हे तर आपल्या शिवाजी पार्कला झालेले आहे."

खरेच होते ते. जानेवारी १९९३मध्ये शस्त्रे घेतलेल्या माणसांच्या होड्या किनाऱ्याला लागणार, अशी अफवा पसरली. सुशिक्षित माणसे रात्री चौपाटीवर गेली आणि मोटारींचे दिवे समुद्राकडे रोखून पहारा देत बसली. होडी आली नाही. श्रीकृष्ण आयोगाच्या हिशोबाने त्या डिसेंबर-जानेवारीत ९०० माणसे मेली. समुद्रातून आलेल्या कुणी त्यांना मारले नाही. आम्ही त्या वेळी सेमिनरीत होतो आणि मानवी स्वभावावरील व्याख्यानांची टिपणे काढीत होतो.

एका मुलीने टोंगाची हकिकत पुढे आणली. १९६५ साली बोट घेऊन पळालेली सहा शाळकरी मुले 'अता' या ओसाड बेटावर पंधरा महिने राहिली. जाळ विझू दिला नाही. एकाचा पाय मोडला तर इतरांनी तो बांधून बरा केला. मग गोल्डिंग चुकलेच ना, असा तिचा सवाल. आम्हांला तसे वाटत नाही. माणूस जखमी आहे, मुळापासून सडलेला नाही, ही आपली शिकवण; आणि गोल्डिंगलाही सायमन दिसला होताच. तो एकटा डोंगरावर चढतो आणि पाहतो, की श्वापद म्हणजे पॅराशूटला अडकलेले एका मृत सैनिकाचे कलेवर आहे. हे सांगायला तो खाली येतो, तो अंधारात बेभान नाचणाऱ्या मुलांच्या हातून श्वापद म्हणूनच मारला जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वाचकहो, त्या नाचात असलेली चांगली मुले एकमेकांना सांगतात, आम्ही दमलो होतो, लवकर निघून गेलो होतो. हे पान मुलांनी दोनदा वाचून घेतले. नंतर त्यांच्याच आग्रहावरून आम्ही धर्मग्रामातील आठ-दहा ज्येष्ठांकडे १९९३च्या त्या रात्रींची चौकशी केली. चौपाटीवरचे दिवे सर्वांना आठवतात. मोटार कुणाची होती, हे एकालाही आठवत नाही.