गंजाची निळाई

गंज हा शब्द आपण बहुधा निंदेनेंच उच्चारतों. बुद्धि गंजली, हात गंजले असें म्हणतांना गंजाचाहि कांहीं उपयोग असेल, ही शंका आपल्याला येत नाहीं. भिवंडीच्या एका स्नेह्यांच्या घरची ठासणीची बंदूक दुरुस्त होतांना पाहिली, तेव्हां आमचें या बाबतींतलें मत बरेंच बदललें.

बंदूक स्नेह्यांच्या आजोबांची, शेताच्या राखणीसाठीं घेतलेली. 1959 च्या शस्त्र कायद्यानेंहि पिकाच्या राखणीकरितां अशा बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद ठेवली आहे. परवाना रीतसर वारसाच्या नांवावर झाला होता. पण भिवंडीच्या दमट हवेंत अनेक पावसाळे खुंटीवर काढल्यामुळें घोडा जागचा हालत नव्हता. 'नव्यासारखी करून द्या,' एवढेंच स्नेह्यांचें मागणें. चिरंजिवांना ती दसऱ्याला वाजवून पाहण्याची हौस होती.

परवानाधारक कारागिरानें प्रथम गंजाला हातच लावला नाहीं. त्यानें नळींत गज सोडला, तोंडाशीं खूण केली आणि तोच गज बाहेरून नळीवर धरला. गजाचें टोंक घोड्याखालच्या छिद्रापर्यंत पोहोंचण्याऐवजीं चार बोटें अलीकडेच थांबलें होतें. आंत बार तसाच होता! काळी दारू म्हणजे सुमारें 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक. कोरडी राहिली तर पिढ्या उलटल्या तरी ती मरत नाहीं. पाण्यांत मात्र सोरा विरघळतो. कारागिरानें नळी भिजत ठेवली आणि बाराचा चिखल करून तो उपसला. याच खुंटीखालीं आपलीं मुलें खेळून मोठीं झालीं, हें आठवून स्नेही बराच वेळ बोलले नाहींत.

जळलेल्या दारूची राख हवेंतली ओल शोषून घेते. न धुतलेली नळी तिनें आंतून खाल्ली होती. खड्डे घासून काढावे तर नळी पातळ होणार, आणि पातळ नळी बाराबरोबर फुटणार. 'दिसेल नवी, पण वाजवायची नाहीं,' असें कारागिरानें बजावलें. चिरंजिवांचा चेहरा उतरला.

मग निळाई. हा वरून दिलेला रंग, अशी आमची समजूत होती. वस्तुतः तो गंजच. लोखंड घासून, तेलकटपणा काढून, त्यावर आम्लयुक्त द्रव पुसून तें दमट हवेंत गंजूं द्यावयाचें. तांबूस थर चढला कीं स्वच्छ पाण्यांत उकळावयाचें. तेथें तांबड्या गंजाचा काळा ऑक्साइड होतो. मोकळी भुकटी तारेच्या मऊ ब्रशानें झाडून हाच क्रम अनेकदां करावयाचा आणि शेवटीं तेल द्यावयाचें. तांबडा गंज लोखंड पोखरीत जातो. काळा त्याला बिलगून बसतो व तेल धरून ठेवतो. जी हवा बंदुकीच्या मुळावर उठली होती, तीच येथें मदतीला आली.

दस्त्यावर आजोबांच्या तळव्यानें झीज पडली होती. ती तासून सारखी करूं का, असें कारागिरानें विचारतांच स्नेही घाईनें 'नको' म्हणाले. नव्यासारखी मागणाऱ्याच्याच तोंडून हा नकार आला, याचें आम्हांला समाधान वाटलें.

वडिलोपार्जित वस्तूंप्रमाणें वडिलोपार्जित समजुतींतहि एखादा बार राहून गेलेला असतो. त्यांची नुसती पूजा करणाऱ्याला तो कधीं सांपडत नाहीं. त्या भंगारांत फेंकणाराहि तो दुसऱ्याच्या दारीं नेऊन टाकतो. ज्याला वारसा खरोखर जपावयाचा आहे, त्यानें आधीं नळींत गज सोडून पाहावा. निळाईचा विचार मागाहून करावा.