आमचा मुका राखणदार

मासे व भाजी एकाच पाण्यावर वाढवावीं, अशी हौस आम्हां दोघां भावांस उपजली. गच्चीवरील टाकींत गोल्डफिश सोडले व शेजारच्या खडीच्या वाफ्यांत पालक लाविला. माशांच्या मलमूत्रांतून अमोनिया उत्पन्न होतो. खडीवरील सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करितात. तें रोपें शोषून घेतात आणि निवळलेलें पाणी टाकींत परत येतें. हें सारें चक्र एका पंपावर फिरतें.

दिवसभर पहारा करणें आम्हांस शक्य नव्हतें. म्हणून आर्डुइनो नांवाच्या लहानशा संगणक-पट्टीस तापमान मोजणारी डीएस१८बी२० ही नळी व वाफ्यांत तरंगता खटका जोडला. पाणी ३० अंश सेल्सिअसवर तापलें किंवा वाफ्यांतील पातळी उतरली, कीं भोंगा वाजे. आमचा अभिमान गगनांत मावेना!

पावसाळ्यांत एके रात्रीं वीज गेली. पंप थांबला, प्राणवायु घटला; भोंगा मात्र मुका, कारण तोही त्याच विजेवर जगत होता. सकाळीं सहा मासे मेलेले दिसले. आजी म्हणाली, “पोरांनो, चोराच्याच घरीं जेवणारा राखणदार ठेवलात कीं रे!”

त्याच दिवशीं पट्टीस निराळी बॅटरी दिली व बॅटरीवर चालणारा हवेचा पंप बसविला. आतां पट्टीवर दर मिनिटास दिवा लुकलुकतो. तो न दिसल्यास राखणदारच निजला असें आम्ही समजतों. अमोनियाची परीक्षा मात्र रंग पालटणाऱ्या द्रवानें दर रविवारीं स्वतःच करितों. यंत्र जागें आहे कीं नाहीं, हें पाहण्यास कोणी तरी जागें असावें लागतें, हें त्या सहा माशांनीं आम्हांस शिकविलें.