हरिहरेश्वरला फोटो काढताना

श्रीवर्धन तालुक्यातलं हरिहरेश्वर म्हणजे पेशव्यांचं कुलदैवत. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव, असा इथला दर्शनाचा क्रम. पण फोटोचा खरा मोह होतो तो प्रदक्षिणेच्या वाटेवर. डोंगराच्या खिंडीतून पायऱ्या उतरलं की समोर एकदम समुद्र! खाऱ्या पाण्याने खडकांना अशी भोकं पाडलीत, की जणू छान जाळी पडलेला अनरसाच. सकाळी इथे कड्याची सावली असते. दुपारनंतर पश्चिमेचं ऊन आलं की जाळी उठून दिसते.

मात्र उन्हाआधी ओहोटी बघायची. तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून कालच्या वेळेवर विसंबू नये; देवळापाशी विचारून घ्यावं. भरतीत ही वाट बंदच, पावसाळ्यात तर नावच नको. आणि "अहो, जरा मागे सरका ना!" हे इथे चालायचं नाही. या खडकांवरून माणसं लाटेबरोबर गेली आहेत. फोटोतल्यांची पाठ समुद्राकडे नको, तशी काढणारीचीही नको. समुद्र बाजूला ठेवून, कोरड्या खडकावरूनच फोटो घ्यावा. देवळाचा कळस मागे आला नाही तर नाही आला!

घरी आल्यावर भिंग मऊ, ओलसर कापडाने टिपा हं. कोरडं पुसलं तर मिठाचे कण ओरखडे पाडतात.