जमीन नाही, म्हणून कागद नाही

आम्हा जबलपूरच्या मराठी मंडळींना आमच्या जिल्ह्यातली मझौली ठाऊक असते ती तिथल्या विष्णुवराहाच्या मंदिरामुळे. मीही पहिल्यांदा दर्शनालाच गेले होते. नंतर मात्र तिथे खेटे घातले, ते एका मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी.

मुलगी कोल समाजाची, नववीतली. वसतिगृह आणि शिष्यवृत्ती, दोन्हीसाठी दाखला हवा. पहिला अर्ज परत आला होता, १९५० सालच्या रहिवासाचा पुरावा नाही म्हणून. "जुना खसरा आणा," म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद, एवढंच तिच्या घरच्यांना एका खिडकीवर सांगण्यात आलं होतं.

मुलीच्या आजीने, अम्माने, माझ्यापुढे प्लास्टिकची पिशवी उघडली. आधार, मध्य प्रदेश सरकारचा समग्र आयडी, रेशनचा कागद, नातीचं लसीकरणाचं कार्ड. अम्माला अक्षरओळख नाही, पण कुठला कागद कशाचा, हे ती त्याच्या घडीवरून आणि डागांवरून बरोबर सांगत होती. प्रत्येक कागद पदराने पुसून ती परत जागेवर ठेवी.

"अम्मा, खसरा?"

"बाई, जमीन असती तर खसरा असता. आम्ही लोकांच्या शेतात मटार तोडतो. सासरे मालगुजाराच्या शेतात राबायचे."

घरी येऊन मी तारखा जुळवल्या. अनुसूचित जमातींच्या यादीचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला ६ सप्टेंबर १९५० रोजी, म्हणून त्या वेळचा रहिवास विचारतात. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, मात्र संपली ३१ मार्च १९५१ ला. म्हणजे पुरावा मागतात तो ज्या काळातला, त्या काळात अम्माच्या सासऱ्यांचे हात मालगुजाराच्या शेतात होते आणि नाव कुठल्याच वहीत नव्हतं. ज्यांना जमीन मिळू दिली नाही, त्यांच्याकडेच जमिनीचा कागद मागायचा, हा अन्याय मला तोवर कधी दिसलाच नव्हता.

कागद नसेल तर गावात चौकशी आणि पंचनामा करून दाखला देता येतो, हे त्या घराला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही तसा अर्ज केला. पटवारी, म्हणजे तलाठी, अम्माच्या वस्तीत आले, बाजेवर बसले. गावातली म्हातारी माणसं जमली. दुसऱ्या जातीचे एक वयस्कर शेतकरी आपणहून म्हणाले, "हिचा सासरा आमच्याकडे बैलं राखायचा. मी लहान होतो, मी पाहिलंय." पटवाऱ्यांनी ते लिहून घेतलं आणि सर्वांना वाचून दाखवलं. सासऱ्यांचं नाव आलं तेव्हा अम्मा म्हणाली, "पुन्हा वाचा." ते नाव सरकारी कागदावर पहिल्यांदाच चढत होतं.

दाखला लोकसेवा केंद्रातून मिळाला. मुलगी आता वसतिगृहात राहून शिकते आहे.

महाराष्ट्रातही आदिवासींसाठी हीच १९५० ची तारीख आहे आणि भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ची. ज्यांचं बिऱ्हाड पिढ्यान्‌पिढ्या पालावर हललं, त्यांनी एका गावाचा पुरावा कुठून आणायचा? तुमच्या शेतावर, वीटभट्टीवर, सोसायटीत राबणाऱ्या घरात शिकणारं मूल असेल, तर दाखला आहे का, एवढं विचारा. नसेल तर अर्ज लिहून द्या, सोबत जा. आणि तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या मुलाचे आजे-पणजे आठवत असतील, तर त्यांना साक्षीला उभं करा. ती माणसं आहेत तोवरच हे होऊ शकतं.